मे महिन्यातले गॅदरिंग



या स्नेहमिलनाची तारीख ठरवताना ग्रुपवर झालेला गोंधळ सर्वांना आठवत असेल. पुणे-मुंबईवाल्यांना दिवाळीची सुट्टी सोयीची होती, परदेशातल्यांना डिसेंबर. सगळ्यांची मते देऊन झाल्यावर रात्री उशिरा एका वर्गमित्राचा आवाजी संदेश आला. "दिवाळीनंतर ठेवलं तर मला जमायचं नाही, टोळी घेऊन जावं लागतंय. मे मधी ठेवा, मंडपाचं मी बघतो." हा आपला मित्र आठवीनंतर वर्गात दिसला नव्हता. त्या एका संदेशामुळे तारीख मे महिन्यात आली.

संपादक मंडळाने मला सांगितले होते, की गेली दोन वर्षे तू गावात मुलांचे नाट्यशिबिर घेतेस, त्यावर लिही. मी लिहायला बसले तेव्हा शिबिराच्या आधी हा संदेशच पुन्हा पुन्हा ऐकू येत होता. मी इंजिनिअरिंग शिकलेली, रोज संगणकासमोर बसणारी बाई. इतिहास हा माझा विषय नाही. पण कुठलीही यंत्रणा चालत नसेल तर ती कशी बांधली गेली हे आधी बघायचे, एवढी सवय नोकरीने लावली आहे. मराठी मुलांचे नाटक कसे उभे राहिले आणि ते तलवाड्यापर्यंत का आले नाही, हे त्या सवयीने शोधत गेले.

आपले गॅदरिंग

सुरुवात आपल्याच शाळेपासून करते. आपले गॅदरिंग जानेवारीत व्हायचे. सगळ्याच शाळांचे डिसेंबर-जानेवारीत होते, त्यात कुणाचा दोष नाही. सहामाही संपलेली असते, वार्षिक परीक्षा लांब असते, हवा चांगली असते. सर नाटक बसवायचे, बाई मुलींचे नाच बसवायच्या, गावातून सतरंज्या आणि कर्णा यायचा. नववीत मला जिजाऊंचे काम मिळाले होते. आईची नऊवारी सांभाळत मी चार वाक्ये बोलले आणि पाचवे विसरले. विंगेतून सरांनी ते इतक्या मोठ्याने सांगितले की पहिल्या तीन रांगांनी माझ्याआधी ऐकले.

माझ्या बाकावर एक मैत्रीण बसायची. तिच्यासारखी नक्कल आख्ख्या शाळेत कुणाला येत नव्हती. मधल्या सुट्टीत ती स्टाफरूममधले सगळे सर आणि बाई एकामागून एक उभे करायची. चालणे, खाकरणे, खडू टाकून मारण्याची ढब, सगळे. (गुरुजनांनी आता तरी क्षमा करावी.) ती एकदाही गॅदरिंगमध्ये नव्हती. दसऱ्यानंतर आईबापांबरोबर ती कारखान्यावर जायची आणि पाडव्याच्या आसपास परत यायची. परत आली की महिनाभर मागे बसायची, मग परीक्षा, मग सुट्टी. नववीला ती आलीच नाही.

मागच्या वर्षी घरातले जुने फोटो काढले. गॅदरिंगच्या एकाही फोटोत उसतोडीला जाणाऱ्या घरातले मूल नाही. आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उसाला जाणारी हजारो कुटुंबे आहेत. नवरा-बायको मिळून एक कोयता, कोयत्यांची टोळी, टोळीवर मुकादम, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि ती फिटेपर्यंत फड. हे आपल्याला नवीन नाही. पण ज्या महिन्यांत शाळेत रंगमंच बांधला जातो, नेमक्या त्याच महिन्यांत ही मुले उसाच्या पाचटाच्या कोपीत असतात, हे माझ्या लक्षात चाळिशी उलटल्यावर आले.

१९५९, मुंबई

मराठीत मुलांसाठी खास उभ्या केलेल्या रंगभूमीचा हिशेब साधारण १९५९ पासून धरतात. सुधा करमरकर अमेरिकेत जाऊन तिथली बालरंगभूमी पाहून आल्या होत्या. परत आल्यावर मुंबई मराठी साहित्य संघाच्या आधाराने त्यांनी 'लिटल थिएटर' सुरू केले. पहिले नाटक 'मधुमंजिरी'. लेखक होते रत्नाकर मतकरी, तेव्हा वय जेमतेम २०.

त्याआधी मुलांची नाटके होतच नव्हती असे नाही. शाळाशाळांतून ती होत होती, पण बहुतेक आपल्या गॅदरिंगसारखी. मुलांनी पाठ करायचे, पालकांनी कौतुक करायचे. सुधाताईंचा आग्रह वेगळा होता. मुले हा खरा प्रेक्षक आहे, त्यांना उरलेसुरले द्यायचे नाही. नेपथ्य, प्रकाश, वेशभूषा, नृत्य, जादू सगळे मोठ्यांच्या नाटकाच्या तोलाचे हवे, आणि काम करणारेही तयार नट हवेत. 'मधुमंजिरी'तली चेटकीण त्यांनी स्वतः केली होती. पुढे मतकरींनी १९६२ मध्ये 'बालनाट्य' ही आपली संस्था काढली. 'निम्मा शिम्मा राक्षस' आणि 'अलबत्या गलबत्या' ही नाटके त्यांचीच. बँकेतली नोकरी सांभाळून ते हे करत होते, ही गोष्ट माझ्यासारख्या नोकरदार माणसाला धीर देणारी आहे.

दादरच्या छबिलदास शाळेतही याच काळात एक शिक्षिका मुलांची नाटके बसवत होत्या. त्या म्हणजे सुलभा देशपांडे. 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधल्या बेणारेबाई म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण त्या आधी शाळेतल्या बाई होत्या. विजय तेंडुलकरांनीही मुलांसाठी नाटके लिहिली, 'राजाराणीला घाम हवा' हे त्यांतले एक. पुढे 'आविष्कार' संस्थेची मुलांसाठीची शाखा 'चंद्रशाळा' म्हणून नावारूपाला आली आणि तिचे १९८२ सालचे 'दुर्गा झाली गौरी' हे नृत्यनाट्य मुलांच्या मोठ्या ताफ्यासह वर्षानुवर्षे होत राहिले. पुण्यात १९८६ मध्ये थिएटर अकादमीने बर्लिनच्या 'ग्रिप्स' नाट्यचळवळीचा प्रयोग मराठीत आणला. 'छान छोटे वाईट्ट मोठे' हे ते नाटक. त्यात राजा-राणी नव्हते, घरातली आणि चाळीतली भांडणे होती.

मे महिन्याच्या सुट्टीत बालनाट्य बघायला जाणे आणि सुट्टीतल्या नाट्यशिबिरात नाव घालणे ही मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गाची रीतच झाली. आपल्यापैकी जे शहरात राहतात त्यांच्या मुलांनी असे एखादे शिबिर केलेच असेल. माझ्या मुलीनेही केले. तिला सोडायला गेले आणि दारात उभी राहून बघत बसले. मुले एकही संवाद पाठ करत नव्हती. नुसती खेळत होती, आणि खेळता खेळता नाटक होत होते.

१९५९, शिकागो

हे खेळ कुठून आले ते शोधले तर वाट शिकागोला गेली. तिथे हल हाऊस नावाचे एक सेवाकेंद्र होते. जेन अॅडम्स यांनी सहकाऱ्यांसह १८८९ मध्ये ते परदेशातून आलेल्या गरीब कामगारांच्या वस्तीत सुरू केले होते. नेव्हा बॉइड नावाच्या बाई तिथे मुलांना खेळांतून एकत्र कसे आणायचे हे शिकवत. त्यांच्याकडे शिकलेल्या व्हायोला स्पोलिन यांनी पुढे १९३९ च्या सुमारास सरकारी रोजगार योजनेत वस्तीतल्या मुलांचे आणि मोठ्यांचे नाट्यवर्ग घेतले. समोर बसणाऱ्यांच्या भाषा वेगळ्या, चालीरीती वेगळ्या. लिहिलेली संहिता वाचून दाखवून काही होण्यासारखे नव्हते. म्हणून त्यांनी नाटकातली एकेक अडचण घेतली आणि तिचा खेळ केला. समोरच्याकडे नीट बघायला शिकवायचे तर आरशाचा खेळ : एकाने हलायचे, दुसऱ्याने त्याचे प्रतिबिंब व्हायचे. नसलेली वस्तू हाताळायला शिकवायचे तर हवेतल्या चेंडूचा खेळ.

त्यांचा मुलगा पॉल सिल्स याने हेच खेळ मोठ्या नटांना दिले आणि डिसेंबर १९५९ मध्ये सहकाऱ्यांसह शिकागोत 'सेकंड सिटी' हे थिएटर उघडले. आज जगभर उत्स्फूर्त नाट्य म्हणून जे चालते त्याचा मोठा भाग तिथून पसरला. स्पोलिनबाईंचे पुस्तक १९६३ मध्ये आले. 'मधुमंजिरी' आणि 'सेकंड सिटी' एकाच वर्षातले, हा योगायोग मला फार आवडला. पण त्याहून महत्त्वाचे हे, की आज शहरात फी भरून शिकवले जाणारे हे खेळ पोटासाठी गाव सोडून आलेल्यांच्या मुलांसाठी तयार झाले होते. ते तलवाड्याच्या मुलांना झेपतील का, हा माझा प्रश्नच उलटा होता.

आपल्या मातीतले

आणि आपल्याकडे तरी उत्स्फूर्त म्हणजे नवीन काय आहे? जुन्या तमाशातल्या वगाला लिहिलेली संहिता नसायची. कथा ठरलेली, गाणी ठरलेली, बाकी सोंगाड्या आणि सरदार यांची हजरजबाबी. समोर कोण बसले आहे ते बघून संवाद बदलायचा. आपल्या तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी वाहते, आणि तिच्याच काठी पैठणला सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडे रचली. जोशी, वासुदेव, विंचू चावलेला माणूस अशी सोंगे घेऊन लोकांशी त्यांच्याच बोलीत बोलायचे आणि बोलता बोलता शहाणे करायचे. नवरात्रात त्वरिता देवीच्या टेकडीवर गर्दी लोटते तेव्हा आपण लहानपणी देवीपेक्षा सोंगांकडे जास्त बघायचो, हे कबूल करायला हरकत नाही.

आपल्याच बीड जिल्ह्यातल्या दरडवाडीचे वामन केंद्रे. भारुडाचे संस्कार त्यांना घरातूनच मिळाले. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकले, १९८७ मध्ये 'झुलवा'सारखे नाटक केले आणि २०१३ मध्ये त्याच विद्यालयाचे संचालक झाले. म्हणजे या मातीत नाटक नव्हते असे कुणी म्हणू नये. नव्हता तो मुलांसाठीचा मंच, आणि तोही मे महिन्यातला.

तलवाड्यातले दोन उन्हाळे

पहिल्या उन्हाळ्यात मी दहा दिवसांची रजा घेऊन आले. मुख्याध्यापकांनी व्हरांडा आणि दोन खोल्या दिल्या. वेळ सकाळी सात ते दहा, कारण त्यानंतर पत्र्याखाली बसवत नाही. सव्वीस मुले आली, त्यांतली अकरा नुकतीच कारखान्यावरून आलेली.

पहिल्याच दिवशी मी चूक केली. पुण्याहून एक छोटी नाटिका छापून आणली होती. ती वाटली. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलांनी धडाधड वाचली. कारखान्यावरून आलेली मुले कागद हातात धरून भिंतीला टेकून बसली. सहा महिने वाचनाची सवय तुटलेली. दोघे दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत. मी बरोब्बर तेच केले होते जे आपल्या लहानपणी झाले होते. ज्याला पाठ होते तो पुढे, बाकीचे प्रेक्षक.

दुसऱ्या दिवशी कागद पिशवीत गेले. आरशाचा खेळ घेतला, मग हवेतल्या चेंडूचा. तिसऱ्या दिवशी एक सोपा नियम सांगितला. समोरचा जे म्हणेल ते खोडायचे नाही, त्यात भर घालायची. तो दगडाला म्हैस म्हणाला तर आपण धार काढायला बसायचे. एका मुलाने ओंजळ पुढे करून सांगितले, "ही मोळी हाय." लगेच दुसरा खांदा देऊन उभा राहिला, तिसऱ्याने फळी लावली, चौथा ट्रॅक्टरवर चढला. हवेतल्या मोळीच्या वजनाने त्यांचे गुडघे खरोखर वाकत होते. शहरातल्या शिबिरात हवेतली वस्तू इतकी जड झालेली मी पाहिली नव्हती. इंग्रजी शाळेतली मुले त्यांच्याकडे बघून वाकायला शिकत होती. वर्गात कोण पुढे आणि कोण मागे, हे त्या सकाळी बदलले.

शेवटच्या संध्याकाळी प्रयोग केला. साधारण अकरा वर्षांच्या एका मुलीने मुकादम केला. खिशात वही, कानाला फोन, "खाडा धरीन बरं का" अशी दमदाटी. लोक हसून हसून लोळले. मग रात्री दोनला गाडी भरायला उठवतात तो प्रसंग आला. धाकट्या भावाला कोपीत एकटे ठेवून जाणारी आई एका मुलाने केली. व्हरांडा गप्प झाला. मागे बसलेल्या बायका पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. मला वाटले, आपण जिंकलो.

प्रयोग संपल्यावर त्या मुलीचे वडील माझ्याकडे आले. रागावले नव्हते, आवाज अगदी खालचा होता. "ताई, पोरीनं केलं चांगलं. पण आमचं घरातलं चव्हाट्यावर काहून मांडायचं? पुढच्या साली त्याच मुकादमाकडं जायाचंय आम्हाला."

माझ्याकडे उत्तर नव्हते. मी त्यांची माफी मागितली आणि पुण्याला परत गेले. दहा दिवसांनी मी निघून जाणार होते, त्यांना दसऱ्यानंतर पुन्हा उचल घ्यायची होती, हे मी हिशेबातच धरले नव्हते. त्या वर्षभरात मला आणखी एक गोष्ट टोचत राहिली. तो प्रसंग मुलांना सुचला होता खरा, पण सकाळी "तुमच्या फडावरचं दाखवा ना" असे तीनदा मीच म्हणाले होते.

दुसऱ्या उन्हाळ्यात जायचे की नाही असे मनात होते. शेवटी गेले. आधी त्या वडिलांना भेटले, चहा घेतला, आणि विचारून मुलीचे नाव घातले. या वेळी विषय मुलांवर सोडायचा, असे स्वतःला बजावले होते. पहिल्या दिवशी त्या मुलीला विचारले, तुला काय व्हायचे?

"राणी," ती म्हणाली. "मागच्या साली मुकादम झाले. ह्या साली राणी."

मी मनातून थोडी हिरमुसले, हे प्रामाणिकपणे सांगते. राजा-राणी म्हणजे जुनी, शहरी, गुळगुळीत गोष्ट असे मला वाटत होते. पण नियम माझाच होता, खोडायचे नाही. तिला ओढणीचा मुकुट बांधला. ती बाकावर बसली, दरबार भरला. प्रधानाने विचारले, "राणीसाहेब, आज्ञा?" तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "आम्ही दरसाली कारखान्यावर जातोत. आता कारखान्यालाच चाकं लावा अन् तलवाड्याला आणा."

आणि खरेच आणला की! बारा मुले चाके झाली, एक उंच मुलगा धुराडे झाला, दोघे भोंगा झाले. कारखाना हाशहुश करत घाट चढला, नदीत अडकला, टायर पंक्चर झाले, आणि शेवटी शाळेच्या फाटकातून आत आला. राणीने सगळ्यांना रांगेत उभे करून साखर वाटली. मागच्या वर्षी पदर तोंडाला लावून बसलेल्या बायका त्या दिवशी मोठमोठ्याने हसत होत्या. ते वडील पहिल्या रांगेत होते.

मला त्या दिवशी सुधा करमरकरांची चेटकीण नव्याने समजली. मुलाला त्याचे दुःख मंचावर आणता आले पाहिजे, हे खरे. पण आणायचे की नाही, आणि मुकुट घालून आणायचे की वही खिशात घालून, हे त्याने ठरवायचे. माझ्या लहानपणीच्या मैत्रिणीला यांतले काहीच ठरवायला मिळाले नाही, कारण ठरवायच्या वेळी ती गावात नसायची.

रत्नाकर मतकरींनी हाच प्रवास एका आयुष्यात केला. 'मधुमंजिरी'नंतर ५५ वर्षांनी, २०१४ मध्ये, त्यांनी ठाण्यात समता विचार प्रसारक संस्थेच्या कार्यकर्त्यांबरोबर 'वंचितांचा रंगमंच' सुरू केला. वस्त्यांतल्या मुलांनी आपली नाटके आपणच रचायची आणि आपणच करायची. १७ मे २०२० रोजी मतकरी गेले. मुलांसाठी लिहिण्यापासून सुरुवात करून मुलांच्या हाती नाटक देण्यापर्यंत ते आले. तो मंच ठाण्यापर्यंत आला आहे. पुढचा रस्ता आपला आहे.

पुढच्या मेसाठी

माझे मागणे छोटे आहे. शाळेचे जानेवारीतले गॅदरिंग आहे तसे होऊ द्या. पण दरवर्षी अक्षय तृतीयेनंतर दहा दिवस मे महिन्यातले गॅदरिंग होऊ द्या. पैसा फारसा लागत नाही. सतरंज्या, पाण्याचे दोन जार, मुलांना नाश्त्याला उसळ किंवा पोहे, आणि सकाळचे तीन तास देणारी माणसे. आपल्यातले चौघे-पाच जण दोन-दोन दिवस आले तरी पुरते. अभिनय येण्याची गरज नाही, मला तरी कुठे येतो? पाचवे वाक्य मी अजून विसरलेलीच आहे. निवृत्त गुरुजनांपैकी कुणी व्हरांड्यात नुसते खुर्ची टाकून बसले तरी मुले वेगळ्या उत्साहाने करतात, हे दोन्ही वर्षी पाहिले.

दुसरे मागणे या स्मरणिकेबद्दल. शेवटी माजी विद्यार्थ्यांची यादी छापली आहे. ती दहावीच्या हजेरीवरून केली आहे. पाचवीच्या हजेरीत असलेली आणि दहावीच्या हजेरीत नसलेली नावेही आपल्याच वर्गाची आहेत. ज्यांना आठवतील त्यांनी ती स्नेहमिलनाच्या दिवशी मंडपाच्या दाराशी ठेवलेल्या वहीत लिहावीत. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचे नाव मी पहिल्या पानावर लिहिले आहे. तिचा नंबर मंडपाचे बघणाऱ्या मित्राने शोधून दिला. मी फोन केला तेव्हा पलीकडून आधी काही क्षण शांतता होती. मग आपल्या गणिताच्या सरांच्या आवाजात, तसेच खाकरून, तिने विचारले, "कोण बोलतंय? उभे राहून सांग."

ती येणार आहे.